मार्लिन ३३६ थर्टी-थर्टी: रायफल झकास, पण झाडीतून गोळी पार जाते हे विसरा

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचा कंटाळा आहे ते इथेच सुटतील. मार्लिन ३३६ (खालचा दांडा, म्हणजे लिव्हर, ओढून पुढचं काडतूस चढवायची रायफल, माझी .३०-३० म्हणजे थर्टी-थर्टी काडतुसाची) मला आवडली आहे, विकायचा विचार नाही, आणि उद्या दाट झाडीत व्हाइटटेल हरणाच्या किंवा रानडुकराच्या मागे जायचं असेल तर कपाटातून मी हीच काढेन. पण तुम्ही जर 'ब्रश गन म्हणजे झाडीतली बंदूक आहे, काटक्याकुटक्या कापत गोळी सरळ सावजापर्यंत जाते' हे ऐकून घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा, कारण असं काही होत नाही. हिची गोळी जात नाही, हिच्या दीडपट जाड गोळीची रायफल घेतलीत तर तिचीही जात नाही, आणि बारा बोअरच्या बंदुकीचा स्लग, म्हणजे एकसंध जाड गोळी, तीही जात नाही. रायफल गचपणात कामाची आहे हे खरं, फक्त ज्या कारणासाठी विकली जाते त्या कारणासाठी नाही. (परवाना, सीझन, टॅग सगळं जिथे रीतसर आहे तिथलीच ही गोष्ट आहे, शिकार करावी की करू नये हा वाद इथे नको.)

मला हे दुकानातच ऐकवलं गेलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही कारण तो माणूस काही एकटा नाही, हे तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळेल. मी म्हटलं की माझी शिकार बहुतेक दाट रानात असते, साठ-सत्तर यार्डांपुढे काही दिसतच नाही, काय घेऊ, तर म्हणाला थर्टी-थर्टी घ्या साहेब, जड बोथट गोळी, हळू चालते, फांद्याबिंद्यांना दाद देत नाही, तुमचं ते टोकदार फास्ट काडतूस काटकीला नुसतं शिवलं की भलतीकडे. आणि बजेट असेल तर फोर्टी-फाइव्ह सेव्हन्टी (.४५-७०, अजून जाड गोळीचं काडतूस) घ्या, मग मध्ये झाड आलं तरी चिंता नाही. झाड! मी नुसता बघत राहिलो.

गंमत अशी की .३०-३० हे काडतूस विंचेस्टरने १८९५ मध्ये आपल्या १८९४ च्या मॉडेलसाठी आणलं तेव्हा ते फास्ट काडतूस म्हणूनच आलं होतं, नवी धूरविरहित दारू, बारीक गोळी, जोरदार वेग. पुढे १९०६ मध्ये .३०-०६ आलं, गोळ्या टोकदार झाल्या, वेग अजून वाढला, आणि कालपर्यंत जी पळत होती ती एकदम म्हातारी ठरली. मग म्हातारीत काय चांगलं सांगायचं, तर हळू आहे म्हणून झाडी कापते. हे माझं मत बरं का, पण मला तरी हा सगळा प्रकार असाच झालेला दिसतो. .३५ रेमिंग्टन, .४५-७०, .४४ मॅग्नम, सगळ्यांच्या गळ्यात पुढे हीच पाटी आली, आणि .४५-७० तर १८७३ चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं काडतूस.

रायफलबद्दल थोडक्यात. ३३६ हे मॉडेल १९४८ पासून आहे. मधल्या काळात मार्लिन रेमिंग्टनकडे गेली, रेमिंग्टनचं दिवाळं निघालं, २०२० मध्ये मार्लिन रुगरने घेतली, आणि ३३६ परत २०२३ मध्ये बाजारात आली. मी बोलतोय ती ही नवी. बॅरल २० इंचाला किंचित जास्त, वजन साडेसात पाउंड म्हणजे ३.४ किलोच्या आसपास, नळीखालच्या मॅगझिनमध्ये सहा आणि चेंबरमध्ये एक. अक्रोडाचा दस्ता, पॉलिश व्यवस्थित, लाकूड आणि लोखंड जिथे मिळतं तिथे नख अडकत नाही. लिव्हर गुळगुळीत चालते. जुन्यांपैकी काही चांगल्या आहेत काही नाहीत, सेकंडहँड घेणार असाल तर हातात घेऊन, लिव्हर स्वतः चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मुद्द्याचं. दुकानदाराचं खरं की खोटं हे बघायला आम्ही रेंजवर एक लाकडी चौकट केली, तिच्यात गोल दांड्या उभ्या ठोकल्या, काही पेन्सिलीएवढ्या, काही अंगठ्याएवढ्या, दोन-तीन रांगा एकीआड एक अशा की गोळीला न शिवता जायला वाटच नको. मागे कागदाचे टार्गेट, एक अगदी जवळ आणि एक लांब. आणि मग थर्टी-थर्टी, एका मित्राची .३०-०६, दुसऱ्याची .४५-७०, आणि हलकी .२४३ (पहिला आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात), सगळ्यांनी बार काढले. फार काही शास्त्रीय प्रयोग नव्हता, तसा दावाही नाही, पण कागद बघितल्यावर दुकानदाराच्या बोलण्यात काही अर्थ नाही एवढं कळायला पुरे होता.

बघण्यासारखं होतं ते लांबच्या कागदावर. गोळी सरळ आली की कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, कडेला राखाडी वळं असतं. दांडीला लागून आलेल्या थर्टी-थर्टीची भोकं लांबट होती, काही तर चक्क गोळी आडवी झोपून गेल्यासारखी, पूर्ण गोळीची बाजू कागदावर उमटलेली. म्हणजे गोळी टोकाने नाही, कुशीवर आपटली. आणि ती कुठे आपटली तर कधी नेमाच्या जवळ, कधी वीतभर बाजूला, कधी कागदावर सापडलीच नाही. .४५-७० चंही तेच, थोडी कमी वेडीवाकडी म्हणा, पण 'बिनधास्त मारा' म्हणण्याइतकी अजिबात नाही. .३०-०६ ची जड गोळी तर आमच्याकडे काही वेळा थर्टी-थर्टीपेक्षा सरळ गेली, हे दुकानदाराला सांगितलं असतं तर त्याने आम्हालाच वेड्यात काढलं असतं. .२४३ च्या हलक्या गोळ्या सगळ्यात बेभरवशाच्या, हे मात्र त्याचं बरोबर निघालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच रायफलीच्या, एकाच डब्यातल्या काडतुसांमध्ये एवढा फरक पडत होता की कुठल्या काडतुसाला पहिला नंबर द्यावा हा प्रश्नच निरर्थक झाला. दांडी मधोमध फोडून गेली तर एक, कडेला खरवडून गेली तर भलतंच. कडेला खरवडलेल्या गोळ्या जास्त भरकटतात असं आम्हाला दिसलं. आता झाडीत तुम्ही गोळी काटकीच्या मधोमध घालणार आहात का कडेला हे कोण ठरवणार?

हे का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. गोळी सरळ जाते ती फिरते म्हणून. ३३६ च्या नळीत आटे असे आहेत की १२ इंचांत गोळी एक पूर्ण फेरा घेते, आणि १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण २२०० फूट सेकंदाला या वेगाने निघते, म्हणजे मिनिटाला १,३२,००० फेरे. .३०-०६ मध्ये १० इंचांत एक फेरा आणि २७०० फूट वेग धरला तर १,९४,००० च्या वर. फिरत्या भोवऱ्याला बाजूने बोट लावून बघा, पडत नाही पण डोलायला लागतो, तसंच. काटकी लागली की गोळीचं टोक रेषेतून बाजूला होतं, ती डोलत डोलत पुढे जाते, हवा तिच्या कुशीवर बसते आणि तिला ढकलते. काही गोळ्या सावरतात, काही कोलांट्या खातात. वर गोळीचं मऊ टोक काटकीवरच चेपलं किंवा एका बाजूने उघडलं तर मग तोलच गेला. मऊ टोकाच्या शिकारी गोळ्या आदळल्यावर उघडाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात, त्यांना काय माहीत की समोर हरीण आहे की ओली काटकी.

आखूड जाड गोळी लांब सडपातळ गोळीपेक्षा जरा कमी बिघडते, तिला उलटवायला हवेला कमी तरफ मिळते, दंतकथेत खऱ्याचा अंश आहे तो एवढाच. पण जाड गोळीचं दुसरंही एक आहे जे कोणी सांगत नाही, ती जाड आहे म्हणून वाटेतल्या जास्त काटक्यांना लागते. .२४३ जिथून सुळकन निघून जाईल तिथे .४५८ इंचाची गोळी अंग घासत जाते.

बरं, गोळी भरकटली तर किती? इथे एक साधं गणित आहे आणि ते प्रत्येकाने एकदा कागदावर करून बघावं. समजा काटकीमुळे गोळी एक अंश वळली. काटकी सावजाच्या अंगाला लागून, २ यार्डांवर असेल तर चूक सव्वा इंचाची, चालून जाईल. ५ यार्डांवर असेल तर ३ इंच, अजूनही फुफ्फुसात बसेल. पण काटकी सावजापासून ३० यार्ड अलीकडे असेल तर तोच एक अंश जवळपास १९ इंच होतो, आणि ५० यार्ड अलीकडे असेल तर ३१ इंच. हरणाचं मर्म, हृदय-फुफ्फुसाची जागा, धरा ८-१० इंचांची. म्हणजे नेम बरोबर मध्यावर असला तरी बाजूला ४-५ इंचांचीच सूट. १९ इंच म्हणजे एक तर रानात, नाही तर पोटात, नाही तर पायावर.

म्हणून 'काटक्या होत्या तरी मी पाडलं' असं जे लोक छातीठोकपणे सांगतात ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या काटक्या सावजाच्या पुढ्यात होत्या. जनावर झुडपात उभं असतं, झुडूप त्याच्या अंगालाच लागलेलं असतं, गोळीला बिघडायला अंतरच मिळत नाही. ह्याचं श्रेय मग रायफलीला जातं. आणि ज्याच्या नळीसमोर दहा पावलांवर एक काटकी होती आणि बार वाया गेला तो म्हणतो नेम चुकला, कारण ती काटकी त्याने बघितलेलीच नसते.

ती का दिसत नाही, ह्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण फुकट गेलेल्या बारांचं खरं मूळ माझ्या मते इथे आहे, काडतुसात नाही. स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेमाची दुर्बीण, नळीच्या वर बसतो. स्कोपचा मध्य आणि नळीचा मध्य ह्यात दीड इंच तरी अंतर असतं. तुम्ही स्कोपातून बघता ती रेषा वरून जाते, गोळी खालून निघते आणि हळूहळू वर येऊन त्या रेषेला मिळते. थर्टी-थर्टी १०० यार्डांवर झिरो केली (म्हणजे गोळी बरोबर नेमावर लागेल असा स्कोप जुळवला) असेल तर १० यार्डांवर गोळी तुमच्या नजरेच्या रेषेपेक्षा जवळपास १ इंच खाली असते. एक इंच! पेन्सिलीएवढी काटकी त्या एका इंचात आरामात मावते. स्कोपमध्ये चित्र स्वच्छ, क्रॉसहेअर बरोबर खांद्यामागे, आणि गोळी मात्र खालच्या काटकीवर. काही जण स्कोप उंच रिंगांवर (स्कोप धरणाऱ्या कड्यांवर) बसवतात, की खालून लोखंडी साइट (नळीवरची माशी आणि खाच) ही दिसली पाहिजे, मग अंतर अडीच इंच होतं आणि १० यार्डांवरचा हा आंधळा पट्टा जवळपास दुप्पट. गचपणासाठीच घेतलेल्या रायफलीवर हे करू नका. जेवढ्या खाली बसतील तेवढ्या खाली रिंगा बसवा, फक्त घोड्याला (चाप ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या मागच्या हॅमरला) बोट लागलं पाहिजे. ३३६ चं हे एक बरं आहे की रिकामं काडतूस बाजूने फेकते, वरून नाही, त्यामुळे स्कोप खाली, नळीच्या अगदी वर बसवता येतो, जुन्या विंचेस्टर ९४ ला हे जमायचं नाही कारण तिचं काडतूस वरून उडायचं.

दुसरी गोष्ट, मॅग्निफिकेशन. ३-९ चा (तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारा) स्कोप लोक सवयीने लावतात आणि ९ वर ठेवून देतात, जनावर मोठं दिसतं म्हणून. ९ वर ठेवून मी पंधरा-वीस पावलांवरच्या एका झुडपाकडे बघितलं, पलीकडे सत्तर यार्डांवरच्या टार्गेटवर फोकस होता, तर करंगळीएवढ्या फांद्या नाहीशाच झाल्या, नुसतं कुठे कुठे फिकट धुकं, तेही लक्ष देऊन बघितलं तर. तेच ३ वर आणलं की प्रत्येक काटकी जागच्या जागी. पॉवर जेवढी जास्त तेवढी जवळची वस्तू पुसली जाते. म्हणजे तुम्ही महागातला मोठा स्कोप लावून काटक्या बघायची सोयच काढून टाकता. झाडीसाठी १-४ किंवा १.५-५ भरपूर झाला, आणि तो खालच्याच पॉवरवर ठेवून चाला. खालच्या पॉवरवर डोळ्यासमोरचा पट्टाही रुंद मिळतो, हरीण दोन झाडांमध्ये सरकलं तर परत शोधत बसावं लागत नाही. रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) ही चालेल, दोन्ही डोळे उघडे राहतात. लोखंडी साइट तर अजून खाली असतात त्यामुळे आंधळा पट्टा अजून कमी, पण संध्याकाळच्या उजेडात माझ्या डोळ्यांना त्या झेपत नाहीत, तुमचं तुम्ही बघा.

मग ३३६ घ्यायची ती कशासाठी? बार टाकण्याआधीच्या पाच सेकंदांसाठी. ही रायफल टोकापासून टोकापर्यंत मीटरभरही भरत नाही, चपटी आहे, रिसीव्हरखाली (यंत्रणा असते त्या मधल्या भागाखाली) मधोमध एका हातात धरली की तोल बरोबर तिथेच येतो. झाडीत शिकार म्हणजे काय, तर सावज दिसल्यापासून ते निघून जाईपर्यंत तुम्हाला मोकळी फट शोधायची असते. कधी अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की मिळते, कधी गुडघ्यावर बसलं की मिळते कारण बरीच झुडपं वरती दाट आणि बुंध्याशी विरळ असतात. हे सरकणं, वाकणं, नळी दोन फांद्यांमधून न वाजवता फिरवणं, ह्यात लांब बॅरलची बोल्ट-ॲक्शन (बोल्ट मागेपुढे करून भरायची रायफल) प्रत्येक ठिकाणी अडकते आणि ही अडकत नाही. खांद्याला लावताना पटकन येते. आणि जनावर चालत असेल तर त्याच्या पुढची मोकळी जागा आधी हेरायची, नळी तिथे धरून ठेवायची, आणि ते त्या फटीत आलं की चाप. जनावराच्या मागे मागे नळी फिरवत झाडीतून बार टाकणाऱ्याला कुठलीही रायफल वाचवत नाही.

अजून एक, फट शोधताना डोळ्याच्या नाही तर नळीच्या उंचीवरून बघायची सवय लावून घ्या. आणि काटक्या शोधायला दुर्बीण वापरा, स्कोप नको, कारण स्कोपने शोधलं म्हणजे भरलेली रायफल ज्याच्यावर रोखली आहे ते काय आहे हेच अजून ठरलेलं नसतं. झाडीत हलताना दिसलेलं प्रत्येक तपकिरी काहीतरी हरीणच असतं असं नाही. पलीकडे काय आहे हेही कळायला हवं, कारण काटकीला लागलेली गोळी कुठे जाईल हे कोणीच सांगू शकत नाही.

मचाणावर बसणार असाल तर अर्धा प्रश्न सुटतो, वरून खाली बघताना मधली झाडी कमी येते, आणि सीझनच्या आधी जाऊन, जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी असेल तर हातकरवतीने दोन-तीन पट्टे मोकळे करून ठेवता येतात. हे काम पानं असताना करून उपयोग नाही, किंवा पानं गळल्यावर परत एकदा बघा, कारण पानं गेल्यावर उघडी दिसणारी जागा प्रत्यक्षात काटक्यांची जाळी असते. धनुष्यबाणवाल्यांना हे दुप्पट लागू, बाणाला तर एक पातळ डहाळी पुरते.

आता तक्रारी. एक, आडवी सेफ्टी. रिसीव्हरला बटण आहे आणि घोड्याला आपला अर्धा खटकाही आहे, दोन सेफ्ट्या. ज्याला सवय नाही त्याने घोडा चढवला, चाप ओढला आणि नुसतं टक् झालं असं होऊ शकतं, आणि त्या टक् ला जनावर काही थांबत नाही. म्हणून घरी रिकाम्या रायफलवर सराव करा, पण सेफ्टी काढून टाकायचे उद्योग करू नका. दोन, बाजूच्या खिडकीतून काडतुसं भरताना अंगठ्याचं टोक दुखतं, थंडीत जास्त. तीन, लिव्हर खाली यायला जागा लागते, जमिनीवर पालथं झोपून मारायची सवय असेल तर पटकन दुसरा बार जमत नाही. चार, स्कोप लावल्यावर घोड्याला जोडायचा छोटा आडवा तुकडा लावावाच लागतो, आणि वेली-काटेरी झुडपांतून जाताना तोच कशाततरी अडकतो, स्लिंगच्या कड्यांचंही तेच, मी गचपणात शिरताना स्लिंग काढूनच टाकतो.

पाचवी तक्रार म्हणा किंवा धोका म्हणा, लिव्हर-ॲक्शनचा दुसरा बार फार झटपट येतो. पहिला बार गेला, हरीण पळालं, हात आपोआप लिव्हर मारतो आणि दुसरा बार त्याच्या शेपटीच्या दिशेने आणखी दाट झाडीत. पहिला मोकळ्या फटीतून होता, दुसरा कशातून होता? सरळ उघडं दिसत असेल तरच.

काडतुसांचं लवकर आटपतो. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक, पुढच्याच्या टोपीवर मागच्याचं टोक, त्यामुळे कडक टोकदार गोळ्या नाहीत म्हणजे नाहीत, धक्क्याने आत स्फोट व्हायचा. १५० किंवा १७० ग्रेनच्या चपट्या टोकाच्या नेहमीच्या गोळ्या, किंवा हॉर्नडीची ती रबरी लाल टोकाची १६० ग्रेनची लिव्हरिव्होल्यूशन. झाडीतल्या अंतरांना मला दोन्हींत फरक जाणवला नाही. लाल टोकवाली लांबवर सपाट जाते, पण ७० यार्डांत त्याचं करायचं काय. काटकीला कोणती कमी बिघडते असं विचाराल तर ह्याच्यासाठी काडतूस निवडूच नका, तुमच्या नळीतून ज्याचा गट घट्ट पडतो, म्हणजे भोकं जवळजवळ पडतात, ते घ्या, फट लहान असते तेव्हा तेच कामाला येतं.

बार टाकल्यानंतरचंही सांगतो कारण ह्यात लोक फार ढिले पडतात. झाडीतून बार गेला आणि जनावर पळालं तर 'काटकी लागली असेल, चुकला' असं म्हणून पाठ फिरवायची नाही. काटकीने वळलेली गोळी चुकतेच असं नाही, ती भलत्या जागी लागते आणि तेच जास्त वाईट, पोटात लागलेलं जनावर बिनरक्ताचं बरंच लांब जातं. आधी तुम्ही उभे होता ती जागा खूण करून ठेवा, मग गोळीच्या रेषेत हळूहळू चालत जा आणि काटक्या बघत जा, नजरेच्या रेषेच्या जरा खाली. गोळीने तोडलेली काटकी ओळखू येते, ताजं पांढरं लाकूड, चिंधड्या उडालेली कड पुढच्या बाजूला, आणि बारकाईने बघितलं तर सालीवर एका बाजूला राखाडी किंवा तांबूस घासल्याची रेघ. वाऱ्याने मोडलेल्या काटकीवर ती नसते. अशी काटकी सापडली तर ती कुठे आहे ते बघा. तुमच्या पायाशी सापडली तर गोळी कुठेही गेली असेल, शोधाचा पट्टा रुंद करा. जनावर उभं होतं तिथेच सापडली तर बहुतेक गोळी लागलेली आहे, केस शोधा, रक्त शोधा, घाई करू नका, वेळ द्या आणि मग माग काढा.

आणि काटकी सापडलीच नाही तर? नाचता येईना अंगण वाकडं हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. काटकीच्या नावावर खपवलेले कितीतरी बार हे चाप झटकल्याचे असतात, नाही तर गडबडीत गाल दस्त्यावर न टेकल्याचे. त्यावर इलाज रेंजवर, उभ्याने आणि गुडघ्यावर, ५० यार्डांवर, कागदी ताटलीएवढ्या टार्गेटवर. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारलेल्या गटाचे फोटो कितीही सुंदर आले तरी झाडीत बाक नसतो.

कोणी घ्यावी? ज्यांची बहुतेक शिकार १५० यार्डांच्या आत, दाट रानात, पायी चालत होते त्यांनी डोळे झाकून. हरीण, रानडुक्कर, काळं अस्वल, योग्य अंतरावर सगळ्यांना पुरते. मूस किंवा एल्क अशा मोठ्या हरणांसाठी मी जड काडतूस पसंत करेन, पण ते जनावराच्या आकारासाठी, झाडीसाठी नाही. उघड्या डोंगरउतारावर अडीचशे-तीनशे यार्डांचे बार टाकणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, त्यांच्यासाठी बोल्ट-ॲक्शन. ज्यांच्याकडे आधीच एखादी आखूड, हलकी .३०८ आहे त्यांनी फक्त झाडीसाठी म्हणून ही घ्यायची गरज नाही, तिच्यावरच १-४ चा स्कोप खाली बसवा, काम तेच होईल आणि पैसे वाचतील. आणि दुकानात कोणी परत झाड पार करायची गोष्ट सांगितली तर त्याला म्हणावं, चला रेंजवर, दांड्या मी आणतो.